लाळेची साक्ष

चोरीचा आळ आलेल्या माणसासाठी आपल्या स्मृतिकारांनी एक परीक्षा सांगून ठेवली आहे. तिचं नाव तंडुल दिव्य. पांढरे तांदूळ मातीच्या भांड्यात घ्यायचे, देवाच्या स्नानाचं पाणी त्यांत घालून रात्रभर ठेवायचे. सकाळी आरोपीनं उपाशीपोटी पूर्वेकडे तोंड करून बसायचं. आरोप लिहिलेलं पत्र त्याच्या मस्तकावर ठेवायचं. मग त्यानं ते तांदूळ चावायचे आणि भूर्जपत्रावर किंवा पिंपळाच्या पानावर थुंकायचे. थुंकीत रक्त दिसलं, हनुवटी-टाळू गळाल्यासारखी झाली, अंगाला कंप सुटला, की माणूस दोषी. बृहस्पतीनं गणलेल्या नऊ दिव्यांतलं हे सहावं. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या सगळ्या दिव्यांची तपशीलवार चर्चा आहे. ती वाचताना अग्नी, विष, तापलेला नांगराचा फाळ या भयंकर रांगेत हे मूठभर तांदूळ अगदी सौम्य वाटतात.

पण बाकीच्या दिव्यांहून ते एका बाबतीत वेगळे आहेत. मराठेशाहीत रवादिव्य करत. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा, मग हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहोर करायची आणि ठरल्या दिवशी ती सोडून फोड पाहायचे. त्यात कातडीच्या नशिबापलीकडे काही नव्हतं. तंडुल दिव्यात मात्र शरीरशास्त्राचा एक खरा धागा आहे. भ्यालेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं. कोरड्या तोंडात कच्च्या तांदळाचा लगदा होत नाही. दाणे जिभेला, हिरड्यांना टोचत राहतात आणि रक्त निघणं सोपं होतं. हार्वर्ड विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली भय, भूक, वेदना आणि संताप यांत शरीर कसं बदलतं यावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात या हिंदुस्थानी परीक्षेची नोंद आहे. त्यांच्यापर्यंत पोचलेल्या हकिकतीत रक्ताचा उल्लेख नाही. संशयितांपैकी ज्याचे तांदूळ कोरडे बाहेर पडले तो गुन्हेगार, एवढंच तिच्यात आहे. कॅनन यांना त्यात स्वतःच्या प्रयोगशाळेतलं सत्य दिसलं, ते म्हणजे भयानं पचनसंस्थेचे पाझर थांबतात.

स्मृतिकारांचं निरीक्षण अचूक होतं. घात झाला तो त्यांच्या अर्थ लावण्यात. त्यांनी भय ओळखलं आणि त्याला अपराध हे नाव दिलं. निरपराध माणसालाही, किंबहुना निरपराध माणसालाच, चार लोकांसमोर मस्तकावर आरोप घेऊन बसताना घसा कोरडा पडण्याइतकी भीती वाटू शकते, हे त्या न्यायात कुठे बसत नव्हतं. आज लाळ पुन्हा साक्षीला उभी केली जाते आहे. कापसाच्या बोळ्यात टिपलेल्या थेंबावरून माणसाच्या मनावर किती ओझं आहे हे मोजण्याचं शास्त्र गेल्या चार-पाच दशकांत उभं राहिलं आहे. ते शास्त्र खरं आहे, देखणंही आहे. म्हणूनच आपण लाळेला काय विचारतो आहोत आणि तिच्या उत्तरातून काय ऐकतो आहोत, हे शांतपणे पाहायला हवं.

दिवसाकाठी आपल्या तोंडात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. कानांच्या पुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आणि ओठ-गाल-टाळूच्या अस्तरात विखुरलेल्या शेकडो बारीक ग्रंथी हे काम अखंड करतात. लाळेत ९९ टक्के पाणीच असतं. उरलेल्या एका टक्क्यात मात्र क्षार, प्रथिनं, जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं, संप्रेरकं आणि शाळेत ‘टायलिन’ म्हणून शिकलेलं, भाकरी चावता चावता गोड करणारं अमायलेज हे विकर अशी मोठी वस्ती आहे. या ग्रंथींवर इच्छेचा ताबा नाही. त्यांना आज्ञा देणाऱ्या नसा स्वायत्त चेतासंस्थेच्या दोन शाखांतून येतात. परानुकंपी शाखा शांतपणे जेवताना चालते, तिच्यामुळे पातळ, भरपूर लाळ सुटते. अनुकंपी शाखा संकटात जागी होते, तिच्यामुळे थोडी, घट्ट, प्रथिनांनी भरलेली लाळ येते. भीतीनं तोंडचं पाणी पळतं ते अनुकंपी नसा ग्रंथी बंद करतात म्हणून, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात दोन्ही शाखा ग्रंथींना चालनाच देतात. कोरड पडते ती मेंदूतून येणाऱ्या आवरामुळे. भयाच्या क्षणी मेंदूतली वरची केंद्रं मेंदूच्या देठातल्या लाळकेंद्रांना आवरून धरतात आणि पातळ लाळेचा झरा उगमाशीच आटतो. म्हणजे कोरडं तोंड ही मनाचीच कृती आहे, ती फक्त आपल्या परवानगीनं होत नाही.

महाभारतकारांना हे ठाऊक होतं. कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ उभा राहतो आणि अर्जुन कृष्णाला आपली अवस्था सांगतो. गात्रं गळाली आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंगाला कंप सुटला आहे, रोमांच उभे राहिले आहेत, गांडीव हातातून गळतं आहे, कातडी भाजते आहे. तणावाच्या शरीरलक्षणांची इतकी नेमकी यादी आजच्या वैद्यकाच्या पुस्तकातही सापडेल. तंडुल दिव्याच्या निकषांवर हा माणूस थेट दोषी ठरला असता, कारण कंप आहे आणि कोरडही आहे. पण अर्जुन चोर नाही, भित्राही नाही. समोर आजोबा, गुरू, भाऊ उभे आहेत आणि त्यांना मारायचं आहे, या दुःखानं त्याचं तोंड सुकलं आहे. एकच लक्षण, आणि त्यामागे अपराध असू शकतो, भय असू शकतं, शोक असू शकतो, प्रेमही असू शकतं. शरीराला ओझं कळतं. ते कशाचं आहे हे ते एकटं सांगू शकत नाही.

लाळेचे थेंब मोजून मनाचा ठाव घेण्याचं आधुनिक काम सुरू झालं ते रशियात. सेंट पीटर्सबर्गच्या इव्हान पावलोव्ह यांना १९०४ साली पचनक्रियेवरच्या संशोधनाबद्दल नोबेल मिळालं. कुत्र्यांच्या लाळग्रंथीची नळी गालाबाहेर काढून, अन्नाशी जोडलेल्या खुणेनं किती थेंब पडतात हे त्यांनी वर्षानुवर्षं मोजलं. त्यांचे हे प्रयोग सगळ्यांना माहीत असतात, पण २३ सप्टेंबर १९२४ ची हकिकत फारशी सांगितली जात नाही. त्या दिवशी लेनिनग्राडला महापूर आला. प्रयोगशाळेच्या आवारातल्या पिंजऱ्यांत पाणी शिरलं, कुत्री नाक वर काढून पिंजऱ्याच्या छताशी पोहत राहिली. मदतनीस वेळेवर पोचले. पाण्यातून खेचून, पोहवत त्यांनी कुत्र्यांना बाहेर काढलं. कुत्री वाचली. पण काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षं पक्की झालेली प्रतिक्षिप्त क्रियाच पुसली गेली. ओळखीची खूण झाली, थेंब पडेना. पुढे एका कुत्र्याच्या बाबतीत ती मोठ्या कष्टानं परत आली, तेव्हा पावलोव्ह यांच्या सहकाऱ्यानं दाराखालून खोलीत पाण्याचा बारीक ओघळ सोडला. कुत्रं अस्वस्थ झालं, आणि लाळ पुन्हा गेली. पूर केव्हाच ओसरला होता, तरी त्या जिवाच्या आत तो भरूनच होता. आघात नावाची गोष्ट प्रयोगशाळेच्या नोंदवहीत शिरल्याची ही अगदी सुरुवातीची उदाहरणं. ती शिरली ती न पडलेल्या थेंबांच्या रूपानं.

पुढे १९३६ मध्ये माँट्रियलच्या हान्स सेली यांनी दाखवलं की थंडी, विष, जखम, अतिश्रम अशा वेगवेगळ्या माऱ्याला शरीर एकाच साच्याचं उत्तर देतं आणि त्या उत्तराच्या केंद्राशी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आहेत. मेंदूतला हायपोथॅलॅमस पीयूषिकेला निरोप देतो, पीयूषिका रक्तातून अधिवृक्क ग्रंथीच्या सालीला, आणि ती साल कॉर्टिसोल सोडते. कॉर्टिसोल साखर मोकळी करतं, दाह आवरतं, शरीराला पुढच्या तासाभराची लढाई परवडेल अशी व्यवस्था लावतं. पण रक्तातलं नव्वद टक्क्यांहून अधिक कॉर्टिसोल वाहक प्रथिनांना बांधलेलं असतं. ते मुदत ठेवीसारखं, नावावर असतं पण खर्चायला नसतं. पेशींवर परिणाम करतं ते उरलेलं, सुटं कॉर्टिसोल. ते चरबीत विरघळणारं आणि लहान असल्यामुळे लाळग्रंथींच्या पेशींतून सहज पाझरतं. म्हणून लाळेत दिसतं ते कॉर्टिसोल म्हणजे नेमकं शरीराच्या हाती असलेलं, कामाला लागलेलं. लाळ जास्त सुटली की कमी, यानं त्याच्या तीव्रतेत फारसा फरक पडत नाही. शिवाय सुई नको. सुईची भीती हाच एक तणाव असतो आणि तो मोजमापात मिसळतो. लाळेनं ती अडचण दूर केली. लहान मूल, गर्भवती, रात्रपाळीचा कामगार, कुणाचंही, घरच्या घरी, दिवसातून अनेकदा मोजता येऊ लागलं.

नमुना घेण्याची रीत साधी आहे. प्लॅस्टिकच्या नळीतला बोळा तोंडात घ्यायचा, मिनिटभर हळू चघळायचा, हात न लावता परत नळीत टाकायचा. किंवा मान थोडी खाली करून ओठांशी धरलेल्या नळकांड्यातून लाळ आपोआप बाटलीत उतरू द्यायची. बाटलीवर वेळ लिहायची, कारण इथे वेळेशिवाय आकड्याला अर्थ नाही. कॉर्टिसोलची दिवसाची एक लय असते. मध्यरात्रीच्या सुमारास ते तळाशी असतं, पहाटे चढू लागतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी एक उसळी घेतं आणि मग दिवसभर उतरत जातं. जागं होतानाची ही उसळी १९९७ मध्ये जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठाच्या संशोधकांनी नीट वर्णिली. मध्यरात्री जे तळाशी असायला हवं ते वर असेल तर कुशिंग रोगाची शंका घेतात, आणि त्या निदानासाठी रात्रीच्या लाळेची तपासणी आज प्रस्थापित आहे. लाळेतलं अमायलेज दुसरी कथा सांगतं. ते अनुकंपी शाखेच्या इशाऱ्यावर काही मिनिटांत चढतं आणि तितक्याच लवकर उतरतं. कॉर्टिसोल उशिरा येतं, प्रसंग सुरू झाल्यावर वीस-तीस मिनिटांनी शिखर गाठतं. एकाच थेंबात दचकण्याची नोंद असते आणि दचकल्यानंतर शरीरानं केलेल्या तजविजीचीही.

त्याच ट्रिअरमध्ये १९९३ साली क्लेमेन्स किर्शबाउम, कार्ल-मार्टिन पिर्के आणि डिर्क हेलहामर यांनी एक प्रयोगपद्धत बसवली. आज जगभर तीच वापरतात, आणि म्हैसूरमध्ये किशोरवयीन मुलांवरही ती करून पाहिली गेली आहे. तिचा तपशील जवळून पाहावा असा आहे. माणसाला सांगतात की तुम्ही नोकरीसाठी आला आहात, तयारी करा. थोड्या वेळानं त्याला एका खोलीत नेतात. समोर टेबलामागे पांढऱ्या कोटातली माणसं बसलेली. मायक्रोफोन, कॅमेरा. पाच मिनिटं उभं राहून, या जागेसाठी आपणच का योग्य, हे बोलायचं. परीक्षक मान हलवत नाहीत, हसत नाहीत, कपाळाला आठीही घालत नाहीत. बोलणं आटपलं तर थंडपणे सांगतात, अजून वेळ आहे, चालू ठेवा. मग पाच मिनिटं गणित. १०२२ मधून १३ वजा करत मोठ्यानं उलट जायचं, १००९, ९९६, ९८३… चुकलं की परत १०२२ पासून. कुणी मारत नाही, शिवी देत नाही, परिणामांची धमकी नाही. तरीही बहुतेकांच्या लाळेत कॉर्टिसोल दुपटीनं, काहींच्या तर त्याहूनही अधिक चढतं.

२००४ मध्ये सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी अशा २०८ अभ्यासांचा एकत्रित ताळा मांडला. माणसाचं कॉर्टिसोल सगळ्यांत जास्त कशानं हलतं? नुसत्या अवघड कामानं नाही, नुसत्या गोंगाटानं नाही. आपली किंमत दुसरे ठरवत आहेत आणि काहीही केलं तरी निकाल आपल्या हाती नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ते सर्वांत उंच जातं आणि खाली यायला सर्वांत वेळ लावतं. हा निष्कर्ष वाचल्यावर तंडुल दिव्याकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. पूर्वेकडे तोंड केलेला, मस्तकावर आरोप असलेला, पंचांच्या नजरेखाली चावणारा तो माणूस म्हणजे ट्रिअरच्या खोलीतलाच माणूस. ज्या कोरडेपणाला तिथे पुरावा मानत होते तो ती बैठकच निर्माण करत होती. परीक्षा जे मोजत होती ते परीक्षेनंच घडवलं होतं.

दुसऱ्याच्या नजरेनं शरीर इतकं ढवळून निघत असेल, तर ज्यांच्यावर ती नजर जन्मभर रोखलेली असते त्यांचं काय? आपल्या इतिहासात या प्रश्नाला लाळेशीच जोडलेलं एक उत्तर आहे, आणि ते विसरून या विषयावर मराठीत लिहिणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्य माणसाला गळ्यात मडकं अडकवून फिरावं लागे. त्याची थुंकी जमिनीवर पडली आणि तिच्यावर सवर्णाचा पाय पडला तर तो विटाळेल, म्हणून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिसंहारा’च्या भाषणात ही गोष्ट जगापुढे ठेवली. त्या मडक्यात जे पडत होतं त्याला समाज विटाळ म्हणत होता. त्या द्रवात त्या समाजानं लादलेल्या अवहेलनेचं रसायन होतं, हे तेव्हा कुणाला वाचता येत नव्हतं. आज त्याचं काही अंशी मोजमाप होऊ शकतं. अमेरिकेतल्या अभ्यासांत कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक किशोरांच्या कॉर्टिसोलचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा उतार गोऱ्या मुलांपेक्षा सपाट आढळला, म्हणजे सकाळी हवी तशी उभारी नाही आणि रात्री हवा तसा विसावा नाही. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घकालीन व्हाइटहॉल अभ्यासात ज्यांचा हा उतार सपाट होता त्यांच्यात हृदयविकारानं होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण जास्त दिसलं. अपमान मनाला लागतो असं आपण म्हणतो. तो हृदयापर्यंत कसा पोचतो, त्या वाटेवरचा एक टप्पा जिभेखाली आहे.

इतकं कळल्यावर मोह होतो की आता आकडा बघावा आणि माणूस वाचून टाकावा. इथेच थांबायला हवं. लाळ ही फार संवेदनशील साक्षीदार आहे, म्हणून तिला भुलवणाऱ्या गोष्टीही पुष्कळ. नुकतंच खाल्लेलं अन्न, चहा-कॉफी, सिगारेट, हिरड्यांतून आलेलं रक्त, काही गर्भनिरोधक गोळ्या, रात्रपाळी, उठल्यानंतर नमुना घ्यायला झालेला पंधरा मिनिटांचा उशीर, सगळं आकडा हलवतं. गायक आवाजासाठी जे ज्येष्ठमध चघळतात तेही. लाळग्रंथींत कॉर्टिसोलला निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये बदलणारं एक विकर असतं, ज्येष्ठमधातलं द्रव्य त्यालाच आवर घालतं. याहून खोल अडचण पुढे आहे. जास्त दुःख म्हणजे जास्त कॉर्टिसोल, हे समीकरण टिकत नाही. ताज्या तणावात ते चढतं. दीर्घ आघात सोसलेल्यांत अनेकदा ते नेहमीपेक्षा खाली आढळतं. रेचेल येहुदा यांना नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या, आघातोत्तर विकार असलेल्या लोकांच्या लघवीत कॉर्टिसोल कमी सापडलं. लाळेतली प्रतिपिंडंही अशीच दुहेरी वागतात. क्षणिक ताणात वाढतात, लांबलेल्या ताणात घटतात. १९८३ मध्ये दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात अभ्यासाचा ताण वाढलेल्या काळात ती कमी झालेली दिसली. म्हणून एका सकाळच्या एका नमुन्यावरून ‘तुमचा तणाव इतका’ असं सांगणाऱ्या कागदावर माझा विश्वास बसत नाही. शास्त्र समूहांबद्दल, लयींबद्दल, अनेक दिवसांच्या आलेखांबद्दल बोलतं. एकट्या माणसाबद्दल एका आकड्यात बोलणं त्याला अजून साधलेलं नाही, आणि मला वाटतं साधणारही नाही, कारण तो आकडा कशाचा हे शेवटी त्या माणसालाच विचारावं लागतं.

न विचारता वाचून घेण्याची हौस मात्र जुनी आहे. विसाव्या शतकात तंडुल दिव्याची जागा खोटं पकडणाऱ्या यंत्रानं घेतली. रक्तदाब, श्वास, घामानं ओली होणारी कातडी यांवरून असत्य ओळखण्याचा तो दावा होता आणि दोष तोच, जुना. घाबरलेला खरा माणूस आणि निर्ढावलेला खोटा माणूस यांना यंत्र वेगळं करू शकत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं की संमतीशिवाय कुणावरही पॉलिग्राफ, नार्को किंवा मेंदूची तरंगचाचणी करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ नये, हा घटनेनं दिलेला हक्क शरीराच्या आतल्या कुजबुजीलाही लागू होतो. उद्या नोकरी देणाऱ्यानं, विमा उतरवणाऱ्यानं किंवा शाळेनं लाळेची बाटली पुढे केली, ‘ताण सहन होतो का पाहू’ म्हणाले, तर हा निकाल आठवावा. ती बाटली पुढे करणारा हात स्वतःच ताण निर्माण करत असतो आणि त्याची नोंद समोरच्याच्या नावावर चढवत असतो.

मग या साक्षीचा उपयोग काय? माझं उत्तर असं की साक्षीदार चांगला आहे, त्याला चुकीच्या खटल्यात बोलावू नये. या माणसात काय कमी आहे, हा प्रश्न लाळेला विचारू नये. या माणसावर काय लादलं आहे, हा विचारावा. तो विचारला की ती फार मोलाचं बोलते. मेक्सिकोत गरीब कुटुंबांना थेट पैसे देणाऱ्या सरकारी योजनेतल्या आणि तिच्याबाहेरच्या मिळून हजाराहून अधिक लहान मुलांची लाळ लिया फर्नाल्ड आणि मेगन गुन्नर यांनी तपासली. योजनेत असलेल्या घरांतल्या मुलांत कॉर्टिसोल कमी होतं, आणि हा फरक मुख्यतः ज्यांच्या आया खिन्नतेनं ग्रासलेल्या होत्या त्या मुलांत होता. ती दोन ते सहा वर्षांची पोरं योजना, अनुदान, दारिद्र्यरेषा यांतलं काही जाणत नव्हती. आईच्या काळजीचा भार घरातल्या हवेत किती आहे, एवढं त्यांच्या शरीराला कळत होतं. केनियात योहानेस हाउसहोफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की पाऊस कमी पडला की शेतकऱ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल चढतं, आणि शेतीशिवाय दुसरं उत्पन्न नसलेल्यांत अधिक चढतं. तिथेच पुढे गरीब घरांना बिनशर्त रोख रक्कम देऊन पाहिली. सगळ्यांची सरासरी हलली नाही, पण मोठी रक्कम मिळालेल्या घरांत ते कमी आढळलं. तुटपुंज्या मदतीनं शरीर फसत नाही, ही गोष्ट धोरण आखणाऱ्यांनी लक्षात घ्यावी अशी आहे.

मेगन गुन्नर यांच्याच परंपरेतल्या आणखी एका शोधानं मला बरेच दिवस अस्वस्थ केलं. घरी असलेल्या लहान मुलांचं कॉर्टिसोल सकाळपासून दुपारपर्यंत उतरतं. पाळणाघरात दिवसभर ठेवलेल्या बऱ्याच मुलांत ते दुपारकडे उलट चढतं. ही बातमी नोकरी करणाऱ्या आयांवर भिरकावण्यासाठी वापरली जाते, तो पुन्हा जुनाच गुन्हा. त्याच अभ्यासांत हेही दिसतं की सांभाळणारी व्यक्ती जितकी लक्ष देणारी, प्रेमळ, तितकी ही चढण कमी. म्हणजे लाळ आईविरुद्ध बोलत नाही. पाळणाघरातल्या बाईच्या हाताखाली किती मुलं आहेत, तिला पगार किती मिळतो, मूल रडलं तर त्याला उचलून घ्यायला तिला उसंत आहे का, याबद्दल ती बोलते. अशा प्रत्येक ठिकाणी आकडा शरीरात सापडला, पण त्याचा उगम शरीराबाहेर होता.

मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला जून सरताना आभाळ पाहून काय होतं, हे जाणायला आपल्याला प्रयोगशाळेची गरज नाही, तो स्वतःच सांगतो आहे. पण सांगणाऱ्याचं ऐकून घेतलं जात नाही अशा समाजात, मोजता येणारी साक्ष जास्त वजनदार ठरते, हे कटू असलं तरी खरं आहे. बँकेच्या वसुली अधिकाऱ्यापुढे उभ्या असलेल्या माणसाचं, स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीला तिसऱ्यांदा गेलेल्या मुलीचं, वर्गात जातीवरून ओळखल्या गेलेल्या पोराचं दुःख ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावण्याची जी सोय आपण करून ठेवली आहे, ती या शास्त्रानं काढून घेतली आहे. मन आणि शरीर वेगळी खाती नाहीत. दुसऱ्याच्या मनावर टाकलेला भार त्याच्या रक्तात, लाळेत, हृदयात जमा होतो आणि त्याचं व्याज तोच फेडतो.

म्हणून या शास्त्राकडे मी रोगनिदानाचं साधन म्हणून कमी आणि नीतीचं साधन म्हणून जास्त पाहतो. हजारो वर्षं आपण भ्यालेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहून त्याचा न्याय केला. आता पहिल्यांदाच आपल्याकडे असं ज्ञान आहे, ज्यानं न्यायाची दिशा फिरवता येते. कुणाचं तोंड कोरडं पडलं आहे हे दिसलं की पुढची चौकशी त्याची करायची नाही. तो ज्यांच्यासमोर उभा आहे त्यांची करायची, आणि त्यांत आपणही असू शकतो हे धरून चालायचं.